कृष्णाकाठची संध्याकाळ

मावसबहिणीची मुलं पुण्याहून पहिल्यांदाच सांगलीला आली. म्हटलं, आधी नदी बघायची, मग बाकीचं.

आयर्विन पुलावर उभे राहिलो तेव्हा ऊन उतरत होतं. १९२९ सालचा पूल. पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना एवढंच विचारते, "आयर्विनला किती फूट?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धाकटा खाली शांत वाहणाऱ्या कृष्णेकडे बघत म्हणाला, "मामा, ही नदी गावात शिरते?" गावभागातल्या घरांत पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, तेव्हा गप्पच झाला. मलाही ते दिवस आठवून भरून आलं.

मग गणपती मंदिर. काळ्या दगडाचं, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेलं. मिरजेपासून वेगळं होऊन १८०१ मध्ये सांगली संस्थान त्यांनीच स्थापलं. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं. हे सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढतोच. मराठी रंगभूमी या काठावर उभी राहिली, हे आपल्या पोरांना ठाऊक हवं ना!

शेवटी हरिपूर. कृष्णा-वारणा संगम, संगमेश्वराचं देऊळ. इथल्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. २००५ च्या पुरात त्यांची फार हानी झाली.

घाटाच्या पायरीवर बसून भडंग संपवला. अंधार पडला तरी कोणी उठेना.