बातमी फोनची, बिघाड सर्व्हरचा

30 सप्टेंबर 2021, गुरुवार. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 7 वाजून 31 मिनिटं 15 सेकंदांनी डीएसटी रूट सीए एक्स3 या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे वेबसाइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या साखळीतल्या सर्वात वरच्या सर्टिफिकेटची, मुदत संपली. ही वेळ 2000 साली सर्टिफिकेट तयार झालं तेव्हापासून त्याच्या आतच लिहिलेली होती. त्यामुळे त्या रात्री 'अचानक' हा शब्द ज्यांनी ज्यांनी वापरला, त्यांची मला फारशी दया आली नाही.

त्या आठवड्यात तंत्रज्ञानाच्या बातम्यांत एकच सूर होता: जुने फोन इंटरनेटला मुकणार. या बातमीचं मूळ नोव्हेंबर 2020 मध्ये होतं. अँड्रॉइडची 33.8 टक्के उपकरणं 7.1च्या आधीच्या आवृत्त्यांवर आहेत आणि आमचा नवा रूट त्यांना माहीत नाही, असं लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने तेव्हा स्वतःच लिहिलं होतं. दीड महिन्यातच, डिसेंबरमध्ये, त्यांनी त्यावर तोडगा काढल्याचंही जाहीर केलं. पहिली घोषणा वर्षभर फॉरवर्ड होत राहिली, दुसरी कुणी फारशी वाचलीच नाही. संध्याकाळी साडेसातनंतर झालं नेमकं उलटं. आमच्या डिलिव्हरीवाल्या पोरांचे अँड्रॉइड 6चे फोन मजेत चालू राहिले आणि सर्व्हर आडवे झाले.

आमचं काम साधं आहे. छोट्या दुकानदारांची पार्सलं आम्ही वेगवेगळ्या कुरिअर कंपन्यांच्या यंत्रणेत नोंदवतो. आमचा सर्व्हर त्यांच्या एपीआयला, म्हणजे यंत्रणांनी आपसांत बोलायच्या दाराला, विनंती पाठवतो आणि पार्सल कुठे पोचलं ते त्या कंपन्या वेबहुकने, म्हणजे आपणहून पाठवलेल्या निरोपाने, कळवतात. साडेसातनंतर काही मिनिटांतच नोंदणीची रांग फुगायला लागली. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

अशा वेळी पहिला फोन समोरच्या कंपनीला जातो. त्यांच्या इंजिनिअरचं उत्तर ठरलेलं होतं. "अहो, आमचं सर्टिफिकेट नोव्हेंबरपर्यंत आहे. ब्राउझरमध्ये उघडून बघा ना." उघडून पाहिलं, कुलूप जागेवर, तारीख नोव्हेंबरची. तो खरंच बोलत होता आणि आमचा लॉगही खोटा नव्हता.

ब्राउझरमध्ये बघणं ही इथे दिशाभूलच. सर्टिफिकेट खरं की खोटं हे सर्व्हर ठरवत नाही, विचारणारा ठरवतो, तेही स्वतःजवळच्या विश्वासू रूटांच्या यादीवरून आणि स्वतःच्या लायब्ररीच्या अकलेने. त्यामुळे तपासणी ज्या मशीनवर बिघाड आहे तिथूनच करायला हवी. हत्यार म्हणजे ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची एस-क्लायंट कमांड. जुन्या 1.0.2 मालिकेत तिची दोन पथ्यं आहेत. सर्व्हरनेम हा पर्याय हाताने द्यावा लागतो. नाहीतर एकाच आयपीवर अनेक डोमेन असतील तिथे भलतंच सर्टिफिकेट हाती येतं आणि तासभर तेच तपासत बसता. आणि सीएपाथ हा पर्याय देऊन रूटांचं फोल्डरही दाखवावं लागतं.

आमच्या उबंटू 20.04च्या मशीनवर, म्हणजे ओपनएसएसएल 1.1.1वर, निकाल आला शून्य, सगळं ठीक. उबंटू 16.04च्या मशीनवर, म्हणजे 1.0.2जीवर, तोच पत्ता, तीच कमांड, आणि उत्तर: डेप्थ 3, डीएसटी रूट सीए एक्स3, एरर क्रमांक 10, म्हणजे मुदत संपली. इथे एररच्या क्रमांकापेक्षा डेप्थचा आकडा मोलाचा. 0 म्हणजे समोरच्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, 1 म्हणजे लेट्स एन्क्रिप्टचं मधलं आर3, 2 म्हणजे त्यांचा रूट आयएसआरजी रूट एक्स1, आणि 3 म्हणजे साखळीचं पार वरचं टोक. मुदत त्या टोकाची संपली होती. मग त्याच जुन्या मशीनवर त्याच कमांडला ट्रस्टेड-फर्स्ट, म्हणजे आपल्या यादीतला रूट आधी शोध, हा पर्याय जोडला, आणि निकाल शून्य. निदान तिथेच झालं.

यामागची भानगड अशी. लेट्स एन्क्रिप्ट नवीन होतं तेव्हा त्याचा रूट, आयएसआरजी रूट एक्स1, कुणाच्याच यादीत नव्हता. बँकेत खातं उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, तशी आयडेनट्रस्ट या जुन्या सर्टिफिकेट कंपनीच्या डीएसटी रूटने त्यांना सही दिली. पुढे नवा रूट सगळीकडे पोचला, जुन्याची मुदत भरत आली, पण जुन्या अँड्रॉइडच्या यादीत तोच होता. त्यावर डिसेंबर 2020चा तोडगा काढला गेला: अँड्रॉइड यादीतल्या रूटची मुदत तपासतच नाही, मग त्या जुन्या रूटकडूनच नव्या रूटवर 30 सप्टेंबर 2024पर्यंत चालणारी आणखी एक सही घ्यायची. म्हणजे मुदत संपलेल्या रूटची सही पुढे तीन वर्षं चालवायची. अँड्रॉइडला ते चाललं.

ओपनएसएसएल 1.0.2ला चाललं नाही. सर्व्हरने पाठवलेली साखळी ते आधी शेवटपर्यंत चढत जातं: आर3, मग सही केलेला आयएसआरजी, मग त्यावर सही करणारा डीएसटी. डीएसटी आपल्या यादीत सापडला की ते खूश होऊन थांबतं. तारीख त्यानंतर बघतं, ती संपलेली असते आणि सगळं नाकारतं. आयएसआरजी रूट एक्स1 स्वतःच यादीत आहे, एक पायरी आधीच थांबता आलं असतं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. 1.1.0पासून आपल्या यादीतला रूट आधी शोधायचा हे मूळ वर्तन झालं, म्हणून नवी मशीनं वाचली.

यातून दुरुस्तीतली एक उलटी गोष्ट निघते, आणि त्या रात्री सर्वाधिक लोक तिथेच अडकले होते. नवा रूट यादीत घालून काहीही होत नाही, कारण तो बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. जुना काढावा लागतो. डीएसटी सापडला नाही की 1.0.2 एक पाऊल मागे येऊन दुसरी वाट शोधतं आणि मग त्याला आयएसआरजी दिसतो. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "पितृपक्ष चालू आहे, गेलेल्याला यादीतून मोकळं करा." पितृपक्ष खरंच चालू होता.

उबंटू 16.04ची मोफत अपडेटची मुदत एप्रिल 2021 मध्येच संपली होती, म्हणून नवं पॅकेज ईएसएमची, म्हणजे वाढीव मुदतीच्या अपडेटची, नोंदणी असलेल्या मशीनलाच मिळत होतं. बाकीच्यांसाठी हाताचं काम. आधी मोझिलाच्या सर्टिफिकेटांच्या फोल्डरमध्ये आयएसआरजी रूट एक्स1ची फाइल आहे ना हे बघायचं. नसेल आणि तुम्ही जुना काढला, तर एरर 10 जाऊन 20 येतो, म्हणजे वरचा सही करणाराच सापडत नाही. मग ईटीसीमधली सीए-सर्टिफिकेट्सची कॉन्फ फाइल उघडायची, डीएसटीच्या ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाकायचं आणि अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवायचं. शेवटी 'नवीन 0, काढलेलं 1' अशा अर्थाची ओळ आली पाहिजे. 'काढलेलं 0' आलं तर ओळीत नावाची चूक आहे.

पीएचपीचे क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, यानंतर सुरळीत झाले. त्याच मशीनवरचे पायथॉन 3.5चे वर्कर मात्र मुळात बंद पडलेच नव्हते, आणि यावर ग्रुपमध्ये बराच वेळ डोकं खाजवणं चाललं होतं. ओपनएसएसएल तेच, रूटांची यादी तीच, मग एक चालू आणि एक बंद कसं? उत्तर पायथॉनच्या एसएसएल मॉड्यूलमध्ये आहे. 2.7.10, 3.4.4 आणि 3.5पासून ते ट्रस्टेड-फर्स्टचा झेंडा स्वतःच लावतं. कुणीतरी काही वर्षांपूर्वी नेमकी हीच गुंतागुंत डोळ्यांसमोर ठेवून तो बदल केला होता. असल्या बदलाची बातमी होत नाही.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा किस्सा वेगळा. बिलिंगची एक जुनी सेवा नोड 8वर होती. नोड ओपनएसएसएल स्वतःच्या पोटात घेऊन फिरतं आणि रूटांची यादीही स्वतःचीच, म्हणून मशीनची यादी कितीही साफ केली तरी त्याला पत्ता नाही. जादा सर्टिफिकेट देण्यासाठी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे, पण त्याने फक्त भर घालता येते, वजा करता येत नाही, आणि आपल्याला तर वजाच करायचंय. त्या रात्रीपुरता इलाज म्हणजे सिस्टिमची यादी वापर असं सांगणारा युज-ओपनएसएसएल-सीए हा पर्याय लावून प्रोसेस पुन्हा सुरू करणं. कायमचा इलाज नोड 10 किंवा त्यापुढे जाणं. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या डॉकरचं तसंच: होस्टवर, म्हणजे बाहेरच्या मशीनवर, केलेली दुरुस्ती कंटेनरच्या आत जात नाही. जुन्या पायावर बांधलेली प्रत्येक इमेज, म्हणजे डब्याचा साचा, पुन्हा बांधावी लागते. आणि चालू कंटेनरमध्ये शिरून दुरुस्त केलेलं पुढच्या डिप्लॉयमेंटला पुसलं जातं.

हे चालू असताना इंटरनेटवर काय सल्ला फिरत होता? व्हेरिफाय बंद करा. कर्लला के लावा, पायथॉनमध्ये व्हेरिफाय फॉल्स करा, नोडमध्ये रिजेक्ट-अनऑथराइज्ड शून्य करा. उत्तराखाली शेकडो आभार. मला यात चीड येते ती सल्ला देणाऱ्याची नाही. घाईत कुणीही तसं करेल, रांग फुगत असताना सिद्धान्त सुचत नाहीत. चीड त्या आभारांची येते, कारण ते पाहून पुढचा माणूस यालाच दुरुस्ती समजतो. एररचं लाल अक्षर गेलं म्हणजे सुटलं, ही सवय आपल्या धंद्याने स्वतःच लावून घेतली आहे. तपासणी बंद केली की मधे कोणीही बसून पैशांची, पत्त्यांची देवाणघेवाण वाचू शकतो, आणि हे कधीच एरर देत नाही. मुदत संपलेलं सर्टिफिकेट निदान ओरडतं तरी.

दुसरी बाजू आमच्या स्वतःच्या डोमेनची होती. काही ग्राहकांचे जुने सर्व्हर आमच्या एपीआयवर येऊन आपटत होते आणि त्यांच्या मेलचा विषय एकच: तुमचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय. त्यांच्या मशीनला आपण हात लावू शकत नाही, पण साखळी छोटी करू शकतो. सर्व्हर पाठवतो त्या साखळीच्या, म्हणजे फुलचेन फाइलमध्ये तेव्हा तीन तुकडे असायचे: आपलं, आर3चं आणि डीएसटीने सही केलेल्या आयएसआरजीचं. शेवटचा तुकडा काढून एनजिनएक्स हा वेबसर्व्हर रीलोड केला की 1.0.2वाले सुखी व्हायचे. फक्त पुढच्या नूतनीकरणाला तो तुकडा परत यायचा, म्हणून सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या सर्टबॉटला प्रिफर्ड-चेनमध्ये आयएसआरजी रूट एक्स1 हे नाव द्यावं लागायचं. सक्तीचं नूतनीकरण करून तपासत बसू नका. त्याच नावांच्या सर्टिफिकेटला आठवड्याला पाचची मर्यादा आहे आणि घाबरलेला माणूस ती अर्ध्या तासात संपवतो.

साखळी छोटी केली की 7.1.1च्या आधीचे अँड्रॉइड मात्र तुटायचे, कारण त्यांच्यासाठी तो तिसरा तुकडाच आधार होता. म्हणून मशीन-ते-मशीन बोलणाऱ्या एपीआयच्या डोमेनवर छोटी साखळी लावली आणि डिलिव्हरीच्या ॲपच्या डोमेनवर मोठी ठेवली. दोन्ही गर्दी एकाच डोमेनवर असती तर कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं.

हे आधी तपासता आलं असतं का, तर हो. फेकटाइम नावाचं छोटं साधन आहे. त्याने एका प्रोसेसला 1 ऑक्टोबर 2021 ही तारीख आहे असं भासवून एस-क्लायंट चालवला असता, तर एरर 10 सप्टेंबरच्या कुठल्याही दुपारी दिसला असता. आणि धडा पहिलाही नव्हता. 30 मे 2020ला ॲडट्रस्टचा रूट संपला तेव्हा ओपनएसएसएल 1.0.2ने हाच खेळ केला होता. तेव्हाच्या दुरुस्तीच्या नोंदी वाचल्या तर नावं बदलून जशाच्या तशा वापरता येतात.

आम्ही त्यानंतर केलेलं काम कंटाळवाणं आहे. रूटांच्या याद्या कुठे कुठे राहतात त्याची नोंद: सिस्टिमची, जावाची कीस्टोअर, पायथॉनची सर्टिफाय, नोडची पोटातली, प्रत्येक इमेजची. पायथॉनच्या सर्टिफायने डीएसटी काढला तो 8 ऑक्टोबरच्या आवृत्तीत, म्हणजे सिस्टिम साफ झाल्यावरही ती यादी आठवडाभर जुनीच होती. आणि कोडमध्ये व्हेरिफाय बंद करणाऱ्या ओळी शोधणारी एक तपासणी सीआयमध्ये, म्हणजे कोड जोडताना आपोआप होणाऱ्या तपासण्यांत, बसवली. पहिल्याच वेळी तिला त्या रात्रीच्या नव्हे, 2018 सालच्या ओळी सापडल्या. त्या कोणत्या बिघाडासाठी टाकल्या होत्या, हे कमिटच्या संदेशात लिहिलेलं नाही. तिथे फक्त 'फिक्स' एवढंच आहे.