दुपारचा मान

अमेरिकी दूरचित्रवाणीवर एमीएवढा मानाचा पुरस्कार दुसरा नाही, पण त्याच्या पंगतीत दुपारच्या मालिकांचे पान फार उशिरा मांडले गेले. साबणाच्या कंपन्यांनी १९३०च्या दशकात रेडिओवर सुरू केलेल्या या कौटुंबिक कथा लाखो घरांत रोज ऐकल्या आणि पुढे पाहिल्या जात होत्या, तरी जाणकारांच्या लेखी ती बायकांची दुपारची करमणूक होती. १९७२ साली मुख्य सोहळ्यातच ‘द डॉक्टर्स’ला पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ‘ऑल माय चिल्ड्रेन’मध्ये युद्धविरोधी आई साकारणाऱ्या मेरी फिकेट यांना मिळाला आणि १९७४ मध्ये दिवसाच्या कार्यक्रमांसाठी वेगळा सोहळाच सुरू झाला. वेगळी पंगत हा मान होता की सोयीस्कर दूर ठेवणे होते, हे ठरवणे कठीण आहे. मला तरी त्यात दोन्ही दिसते.

खरी अडचण परीक्षणाची होती. आठवड्यात पाच भाग, अशी वर्षानुवर्षे चालणारी भूमिका तोलायची कशी? त्यासाठी कलावंतांनी आपले निवडक भाग पाठवायचे आणि परीक्षकांनी ते पाहून निर्णय द्यायचा, अशी रीत होती. साहजिकच मृत्युशय्येवरचा निरोप किंवा न्यायालयातला आक्रोश अशा भागांत उठून दिसणार. रोजच्या साध्या संवादांतून पात्र जिवंत ठेवण्याचे कसब, जे या अभिनयाचे खरे मर्म आहे, ते निवडक भागांत मावत नाही.

म्हणूनच की काय, या पुरस्काराच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले नाव हरण्यासाठी गाजले. ‘ऑल माय चिल्ड्रेन’ १९७० साली सुरू झाल्यापासून एरिका केन रंगवणाऱ्या सुझन लुची यांना पहिले नामांकन १९७८ मध्ये मिळाले, आणि मग तब्बल अठरा वेळा दुसऱ्याच कुणाचे तरी नाव पुकारले गेले. त्यांच्या हरण्यावर विनोद झाले, जाहिरात निघाली, आणि त्या दोहोंत त्या स्वतः हसतमुखाने सामील झाल्या. मे १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या नामांकनाला त्यांचे नाव आले, तेव्हा सभागृह कितीतरी मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. उत्कंठा इतकी लांबवणे कोणत्याही मालिकालेखकाला जमले नसते.

नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आपल्याकडेही पाहिल्या गेल्या. यांतली पहिली १९८८ पासून सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट मालिका ठरली होती, याची आपल्याला गंधवार्ता नव्हती. आपल्या मराठी वाहिन्या आता स्वतःच्याच मालिकांचे सोहळे करतात आणि त्यांत लाडकी सून, लाडकी सासू असे घरगुती कौतुक होते. अठरा वेळा हरण्याची सोय त्यात नाही.

अमेरिकेत मात्र मालिकाच ओसरल्या. रेडिओवर १९३७ साली सुरू झालेली ‘गायडिंग लाइट’ २००९ मध्ये संपली, ‘ऑल माय चिल्ड्रेन’ २०११ मध्ये एबीसी वाहिनीवरून गेली, आणि पुरस्कार सोहळ्यालाही काही वर्षे दूरचित्रवाणीवर जागा मिळेनाशी झाली. लुची यांना पुढे आणखी दोन नामांकने मिळाली, पण स्पर्धेतला पुरस्कार तो एकच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये जीवनगौरव स्वीकारायला त्या मंचावर आल्या, तेव्हा या वेळी तरी निकालाची वाट पाहायची नव्हती.