फ्रीडम नावाचं गाव आणि पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर

सॉल्ट लेक सिटीत आठ वर्षं काढली पण रिव्हॉल्व्हर हातात धरायची वेळ कधी आली नव्हती, ती आली मागच्या सप्टेंबरात. कलीगचे सासरे वायोमिंगमध्ये फ्रीडमला राहतात, "दोन दिवस जाऊन येऊ, येतोस का" म्हणाला, म्हटलं चला. लोगन कॅन्यन, मग बेअर लेकच्या काठी रांग लावून रास्पबेरी शेक, मग माँटपेलियर (बुच कॅसिडीने १८९६ मध्ये बँक लुटली ती इथलीच), आणि पुढे घाट ओलांडून स्टार व्हॅलीत उतरलो. दोन्हीकडे डोंगर, मधे गवताची कुरणं आणि गाई.

फ्रीडमची गंमत म्हणजे आयडाहो आणि वायोमिंगची हद्द गावातूनच जाते. १८७९ मध्ये मॉर्मन लोकांनी (तेव्हा बहुपत्नीत्व मानणारा ख्रिस्ती पंथ) वसवलेलं गाव, एकाहून जास्त बायका असलेल्यांना पकडायला आयडाहोचे पोलीस आले की नवरोजी रस्ता ओलांडून वायोमिंगमध्ये. नाव त्यावरूनच पडलं म्हणतात!

आणि याच एवढ्याशा गावात फ्रीडम आर्म्सचा रिव्हॉल्व्हरचा कारखाना. त्यांचं मोठं मॉडेल ८३ हे .४५४ कॅसुल या ताकदवान गोळीसाठी प्रसिद्ध, पण सासरेबुवांचा जीव मॉडेल ९७ वर. १९९७ चं, मध्यम फ्रेमचं (म्हणजे सांगाड्याचं), कोल्टच्या १८७३ वाल्या सिंगल ॲक्शन आर्मीपेक्षाही किंचित लहान. .३५७ मॅग्नम मापात सहा गोळ्या बसतात, त्याहून जाड .४५ कोल्टमध्ये पाचच. सिंगल ॲक्शन म्हणजे दर वेळी अंगठ्याने हॅमर (मागचा घोडा) मागे ओढायचा, मगच ट्रिगर.

दुपारी शेजारचे दोघं आपापली ९७ घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर जी चर्चा सुरू झाली ती थेट आमच्याकडच्या बुलेट मोटारसायकलवाल्यांसारखी. सासरेबुवांनी आपलं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून माझ्या हातात दिलं, म्हणाले खिडकीकडे धर. सिलिंडर (गोळ्या भरतात ते फिरतं नळकांडं) आणि बॅरलच्या (नळीच्या) मधे उजेडाची रेघ दिसते का बघायचं. केसाएवढी, तीही डोळे बारीक केल्यावर. सिलिंडर त्याच फ्रेममध्ये बसवून प्रत्येक चेंबर (गोळीचं भोक) बॅरलच्या रेषेत पाडतात, म्हणून एकाचा सिलिंडर दुसऱ्याला चालत नाही, जास्तीचा हवा असेल तर आख्खं रिव्हॉल्व्हर कारखान्यात पाठवायचं. हलवून बघितलं, काही म्हणजे काही हलेना. मला आजीचा अडकित्ता आठवला, पन्नास वर्षं वापरून खिळा ढिला नव्हता.

पण कौतुकच चाललं होतं असं नाही. शेजाऱ्यांपैकी .३५७ वाल्यांचं म्हणणं, एवढं घट्ट बसवलंय की काजळी धरली की सिलिंडर जड फिरतो, शंभर गोळ्यांनंतर ब्रश घेऊन बसायलाच लागतं. दुसऱ्यांचा पंजा हा मोठा, मूठ त्यांना लहान पडते, करंगळी खालीच राहते. त्यावर सासरेबुवा, "मग ८३ घे आणि कमरेला लोढणं बांधून फिर." ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा घाव गोळीपर्यंत पोचू न देणारी पट्टी) असल्याने ९७ चे सगळे चेंबर भरून बाळगता येतात, ८३ मध्ये हॅमरखालचं एक रिकामं ठेवायचं, हा मुद्दा ते जिंकले. किमतीवर मात्र सगळे गप्प, नव्याला दोन हजार डॉलरच्या बरंच वर. रुगर कंपनीचं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर त्याच्या अर्ध्याहून कमीत येतं आणि नेमासाठी ठेवलेला डबा त्यानेही तेवढाच पडतो, हे .३५७ वाल्यांनी स्वतःच कबूल केलं, वर म्हणाले, पण मग ते विकत का नाही घेतलं हे विचारू नको.

नंतर मागच्या मातीच्या बांधापाशी गेलो. माझी पहिली बांधात, दुसरी पण. तिसरीला डबा उडाला, म्हातारे टाळ्या वाजवायला लागले, मीच जास्त दचकलो होतो.

रात्री गावी काकांना फोन केला. त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे, दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायची आणि आणायची, निम्मं आयुष्य त्यात गेलं. किंमत सांगितल्यावर पहिला प्रश्न, "जमा कुठं करतात ती?" कुठंच नाही म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाचच गोळ्या ना पण?"