राणी दिसली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, दिसली नाही. गोराईच्या वाडीत सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्यापासून दर सोमवारी ऑफिसात हाच प्रश्न येतो, आणि ‘नाही’ म्हटलं की लोक हळहळतात. पण मी तिला शोधतच नाही.

मी अंडी बघते. ऊन चढलं की झाकण काढायचं, पोळं असलेली मधली एक चौकट सावकाश वर घ्यायची आणि सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. मग ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडतं. तिथे जेमतेम दीड मिलिमीटरचं पांढरं अंडं दिसलं पाहिजे, एका घरात एकच, तळाच्या मधोमध. अंडं तीन दिवसांत फुटतं. म्हणजे ते दिसलं, तर गेल्या तीन दिवसांत राणीबाई कामावर हजर होत्या. मला एवढं पुरतं. एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली तर मात्र पोटात गोळा यावा. राणी गेली की कामकरी माश्याच अंडी घालू लागतात आणि त्यांतून नुसते नर निपजतात. सातेरीत हे युरोपियन माशीपेक्षा लवकर घडतं.

राणी शोधायची तर सगळ्या चौकटी एकेक करून उपसाव्या लागतात. सातेरीला ते खपत नाही. चौकट हलली की सगळ्या मिळून सर्रकन फुत्कारतात, पोळ्यावर सैरावैरा पळतात आणि राणी त्या गर्दीत कुठल्या कुठे जाते. रोज उठून उघडझाप केली तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते. हौसेपायी राणी बघणाऱ्यांना मी म्हणूनच मुळीच झाकण उचलू देत नाही. दारापाशी बसा, पायांवर परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या मोजा. नारळ बारमाही फुलतो, त्यामुळे वाडीत परागाची ददात नाही. पराग आत जातोय म्हणजे बहुधा पिल्लांना खाऊ घालणं चालू आहे.

सध्या एका पेटीत अंडी नाहीत, पण पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबणारं राणीघर आहे. म्हणजे माश्यांनी नवी राणी वाढवायला घेतली आहे. अंड्यापासून ती बाहेर पडायला साधारण 16 दिवस, मग नरांशी मिलनासाठी उड्डाण, आणि त्यानंतर कुठे अंडी. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. दाराशी लावलेली राणीजाळी मात्र काढून ठेवली. तिच्या फटींतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही, आणि या राणीला बाहेर जाणं भाग आहे. वाडीतल्या विजेच्या तारेवर माश्या टिपणारे वेडे राघू रांगेने बसलेले असतात. त्यांच्यावर माझ्याकडे काहीच इलाज नाही.