रंग हिरवा होता, कूलंट नव्हतं: कोल्हापूर ते सिस्सू, डिसेंबरात

कोल्हापुरातून ऐन थंडीत गाडी घेऊन मनालीच्या वर जाणार असाल, तर बाकी सगळं सोडून आधी एक करा. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत खरंच कूलंट (इंजिन गार ठेवणारं, थंडीत न गोठणारं द्रव) आहे का ते मापून बघा. रंग बघून नाही, मापून. मी रंगावर विश्वास ठेवला आणि मनालीपलीकडच्या सिस्सूत अर्धा दिवस बर्फात उभा राहिलो.

निघायच्या आठवडाभर आधी गाडी उद्यमनगरात नेली होती. डिझेल, आठ वर्षं जुनी, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं झालं. कूलंटचं विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "हाय की मालक, हिरवंगार दिसतंय न्हवं?" दिसत होतं खरं. आपल्याकडं पारा कधी शून्याच्या आसपासही येत नाही, त्यामुळं लेव्हल उतरली की नळाचं पाणी ओतायचं ही सवय गॅरेजलाही आणि आपल्यालाही. दोन-तीन वर्षं अशी भर पडत गेली की उरतो तो रंग. कोल्हापूर-पुणे करायला तेवढं चालतं. उणे दहात नाही चालत.

पहाटे चारला निघालो. हंगाम सुरू, धुकं दाट, आणि हायवेला लागेपर्यंत दोन उसाच्या ट्रॉल्या अशा दिसल्या की मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. धुक्यात हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि फॉग लॅम्प, बास. हेच पुढं पानिपत-कर्नालच्या पट्ट्यात लागलं, तिथं तर ताशी तीसच्या वर जायची हिंमत झाली नाही. मधलं उदयपूर, जयपूर छान झालं. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल काही सांगायचं नाही.

मनालीत बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या भाड्यानं घेतल्या. दिवसाला अडीच हजार आणि वर पाच हजार अनामत. बर्फ पडत असताना घासाघीस होत नाही, हे साखळीवाल्याला माहीत होतं. पैशाचं दुःख एक वेळ गिळलं असतं, पण त्याच्याकडच्या पोरानं साखळ्या मागच्या चाकांना लावून दाखवल्या. मी म्हटलं, गाडी पुढच्या चाकांवर चालते. तो म्हणाला, मागंच लावतात. मी गप्प बसलो, तिथंच चुकलो.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा. बाहेर पडलं की लगेच चंद्रा नदीवरचा पूल. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून बाजूच्या रस्त्याआधी पूल गोठतो. तिथं ब्रेक लावू नका, आधीच वेग उतरवून घ्या. पूल ओलांडून साखळ्या शिकवल्याप्रमाणं मागं लावल्या. सिस्सूच्या अलीकडं डोंगराच्या सावलीत एक वळण आहे, तिथं ऊन पोचत नाही. वर भुसभुशीत बर्फ, खाली काचेसारखा गुळगुळीत. वेग १५. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी सरळ गेली, नदीच्या बाजूला. मागची चाकं पकडून होती, वळवणारी चाकं मोकळी घसरत होती. कडेला साठलेल्या बर्फाच्या ढिगात नाक रुतलं म्हणून थांबलो. मेहुणा शेजारी, दोघांच्याही तोंडातून शब्द फुटेना.

साखळी ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. पुढं बदलून लावायला चाळीस मिनिटं गेली, लोकरीचे हातमोजे भिजून कडक झाले. रबराचे मोजे न्या आणि घरच्या अंगणात एकदा साखळी लावून-काढून बघा. कोरड्या डांबरावर ती लगेच काढायची, नाहीतर टायरही जातो आणि साखळीही.

रात्री हॉटेलवाल्याच्या थर्मामीटरवर उणे ११. हँडब्रेक ओढला नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी चाकं चिकटलेली सापडतात. वायपर उभे करून ठेवले. एवढं मात्र बरोबर केलं.

सकाळी बॅटरीनं तीन वेळा कुरकुर करून इंजिन उठवलं. बेल्ट किंचाळला. हीटरमधून गार हवा. दोन किलोमीटरही झाले नसतील, तोवर तापमानाचा काटा लालजवळ. मेहुणा म्हणाला, "दाजी, भायेर बर्फ आणि इंजिन तापतंय?" मलाही उमगेना. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं थांबून इंजिन बंद करायला लावलं, रेडिएटरच्या खालच्या नळीला हात लावला, ती दगडासारखी. रेडिएटरच्या तळाशी बर्फाचा लगदा झाला होता, पाणी फिरतच नव्हतं, इंजिनाची उष्णता आतच अडकली होती.

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटर फुटतो, कधी इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो. ब्लॉकच्या भोकांवर कोअर प्लग (ठोकून बसवलेल्या टोप्या) असतात, ते निसटून ब्लॉक वाचतो असं लोक म्हणतात. आपल्या गावात कास्टिंग ओततात, कुठल्याही फाउंड्रीत विचारा. ती भोकं आतला वाळूचा कोअर काढण्यासाठी ठेवलेली असतात. प्लग निसटलाच तर नशीब, भरवसा ठेवू नका.

गाडीचं तोंड उन्हाकडं करून तीन तास थांबलो. इंजिन मध्ये एकदाही सुरू केलं नाही. मग गळती तपासली, अर्धं पाणी काढलं आणि ट्रकवाल्याकडचं तीन लिटर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट ओतलं. त्यानं बाजारभावापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

तुम्ही असं करा. सगळं पाणी काढून सिस्टिम धुऊन घ्या आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. ते उणे ३५ च्याही खाली टिकतं. नुसतं घट्ट कूलंट भरू नका, ते निम्म्या मिश्रणापेक्षा लवकर गोठतं. कूलंट टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, गॅरेजमधून निघण्याआधी मिस्त्रीसमोर लावा. काचेवर उडणारं पाणीही बदला, नळाचं पाणी तिथं पहिल्याच रात्री गोठतं. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी नवी घाला. टायरमधली हवा मनालीत सकाळी, चाकं गार असताना बघा. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण १ पीएसआय जाते.

डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. सपाटीवरचं डिझेल घेऊन वर राहू नका. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये केलाँग, काझा, लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं विंटर डिझेल आणलं, पुढं जाणार असाल तर ते भरा. टाकीखाली जाळ करणारे दिसतील, त्यांच्या जवळही उभं राहू नका.

बर्फ पडला की मनालीच्या वर बऱ्याचदा फोर बाय फोरशिवाय (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) सोडत नाहीत. अडवलं तर वाद घालू नका, त्या सावलीतल्या वळणावर पोलिसांचं म्हणणं मला पटलं.

परतताना दिल्लीत काश्मिरी गेटला साखळ्या विकत घेतल्या, दोन दिवसांच्या भाड्याइतक्याच पैशांत. २०५/६५ आर १६ मापाच्या आहेत. फेब्रुवारीपर्यंत कोल्हापुरातून कुणी जाणार असेल तर घेऊन जा, पुढच्या चाकांना कशा लावायच्या ते मी दारात दाखवून देईन.