ळ अडला आणि पेरणी अडली

मागच्या जूनमधले माझे अकरा दिवस एका अक्षरापायी गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची ही चौथी पिढी. शेती भितरवारकडे, १० बिघे, म्हणजे साधारण २ हेक्टर. हरसी धरणाचा कालवा आहे, पण आमचं शेत शेवटच्या टोकाला, तिथे पाणी पोचेपर्यंत लावणीची वेळ उलटून जाते. मग सगळी भिस्त बोअरवर. नुसत्या चिखलणीसाठी मोटर रात्रंदिवस चालायची. म्हणून ठरवलं, रोप नको, चिखलणी नको, धान थेट पेरायचं. त्याला सीड ड्रिल, म्हणजे पेरणीयंत्र लागतं आणि ते अनुदानावर मिळतं. अर्ज भरला, डीडी काढला, सोडतीत नावही आलं.

अडलं ते कागद तपासताना. माझं आधार पुण्यात नोकरीला होतो तेव्हाचं, त्यावर 'काळे'. खसऱ्यात, म्हणजे इकडच्या जमिनीच्या नोंदीत, मात्र 'काले'. आजोबांच्या वेळेपासून पटवारी तसंच लिहीत आले. खिडकीवरच्या बाबूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ये तो दो अलग आदमी हैं." इंग्रजीत स्पेलिंग एकच आहे, वडिलांचं नाव एकच आहे, सगळं दाखवलं. उत्तर एकच, पटवाऱ्याकडून लिहून आणा. पटवारी म्हणाले, आधार बदला. आधार केंद्रावरची मुलगी म्हणाली, नाव बरोबर आहे तर बदलायचं काय? तिचंच खरं होतं. आमचे बाबा खताच्या पावतीवरसुद्धा पेनाने 'ल'चा 'ळ' करायचे. एका यंत्रासाठी ते नाव मी बदलणार नव्हतो.

चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला अख्खा दिवस. आणि इकडे मी पलेवा देऊन बसलेला. पेरणीआधीच्या पाण्याला इकडे पलेवा म्हणतात. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला, दोन-तीन दिवस राहिला आणि माझ्या डोळ्यांदेखत गेला. जमीन वाळली. पाणी वाचवायला निघालो होतो आणि त्या खिडकीपायी १० बिघ्यांना एक पाणी जास्त द्यावं लागलं. ते मला आजही सहन होत नाही.

शेवटी तहसिलीबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनविसांनी दहा मिनिटांत सोडवलं. 'काळे व काले ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं स्टॅम्प पेपरवर शपथपत्र, नोटरी, खाली पटवाऱ्याची सही. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर कागद मुकाट्याने घेतले गेले. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

पुढचं सरळ झालं. पुसा बासमती १५०९ या जातीचं बियाणं, एकरी ८ किलो, रात्रभर भिजवून सावलीत सुकवलेलं. खोली एक-सव्वा इंच, त्याखाली गेलं तर उगवत नाही. पेंडीमेथॅलिन हे तणनाशक पेरणीच्याच दिवशी संध्याकाळी फवारा, ओल असेतोच. मी दोन बिघ्यांत दुसऱ्या दिवशी दुपारी फवारलं आणि तिथेच सावा हे तण माजलं. पहिलं पाणी २१ दिवसांनी. शेजारचे काका रोज बांधावरून ओरडायचे, "अरे, करपेल!" तरी दिलं नाही, मुळं खोल गेली. पानं पिवळी पडली तर लोह कमी पडतंय समजा आणि फेरस सल्फेट फवारा.

हो, या सगळ्याच्या आधी लेझरने जमीन सपाट करून घ्या. उंच-सखल शेतात हे जमत नाही.

नंतरच्या पाण्यासाठी फूटभर प्लॅस्टिकचा पाइप घेतला, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून तेवढा जमिनीत पुरला. आतलं पाणी १५ सेंटिमीटर खाली गेलं की मोटर लावायची. फक्त फुलोऱ्यात शेत कोरडं पडू द्यायचं नाही. आधी दर तिसऱ्या दिवशी मोटर लागायची, आता कधी सहा, कधी आठ दिवस. काकांच्या लावणीला बिघ्यामागे अर्धा क्विंटल जास्त आलं, पण मजुरी आणि वीज धरली तर मी पुढे आहे.

शपथपत्राचा मसुदा जपून ठेवलाय. इकडच्या कुणा गोळे, पिंगळे, काळ्यांना लागला तर मागून घ्या, आणि तो हातात आल्याशिवाय पलेवा देऊ नका.