प्राध्यापक झालात, मग अजून वॉर्डात का?

‘आता विद्यापीठात नर्सिंग शिकवता, मग आठवड्यातले दोन दिवस वॉर्डात ड्यूटी कशाला?’ हे घरचे विचारतात, विद्यार्थी विचारतात, आणि रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टर तर फार कळकळीने विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शिकवायला लागल्यावर पहिली दोन वर्षं माझा वॉर्ड सुटला होता. तेव्हा वर्गात मी श्वास मोजायला शिकवायची: प्रौढ माणसाचे मिनिटाला 12 ते 20, मोजायचे पूर्ण मिनिटभर, आणि रुग्णाला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की त्याचा श्वास बदलतो. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, फक्त नजर छातीवर न्यायची. परीक्षेत मुली अगदी बरोबर लिहायच्या.

मग पुन्हा ड्यूटी घेतली आणि चार्ट उघडले. न्यूमोनियाच्या रुग्णाचे श्वास 18. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्याचे 18. शेजारच्या खाटेवरच्या आजींचेही 18. म्हणजे मोजलेच नव्हते, अंदाजाने लिहिले होते. लिहिणाऱ्यांत माझी एक विद्यार्थिनी होती. तिच्यावर रागावणं मला जमलं नाही, कारण त्या पाळीत तिच्या वाट्याला किती रुग्ण आले होते ते दिसत होतं. रक्तदाब, ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वास मात्र बहुतेक वॉर्डांत माणसालाच मोजावा लागतो, म्हणून घाईत तोच आधी सुटतो. आणि रुग्ण बिघडू लागला की बऱ्याचदा तोच आधी बदलतो! ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या ‘न्यूज’ तक्त्यात, म्हणजे रुग्ण किती बिघडलाय हे नोंदींना गुण देऊन ठरवणाऱ्या तक्त्यात, श्वास 25 किंवा जास्त असतील तर त्या एका नोंदीलाच 3 गुण आहेत. त्याहून जास्त कुठल्याच नोंदीला नाहीत. पण सलाइन संपलंय, नातेवाईक हाका मारताहेत, अशा वेळी ते एक मिनिट काढायचं कुठून, हे मी शिकवत नव्हते. मीच विसरले होते. आता तेच आधी शिकवते: खाटेजवळ पोचताच, बोलायला सुरुवात करण्याआधी.

उलटंही घडलंय. मी शिकले तेव्हा पाठीची लाल झालेली जागा चोळायची पद्धत होती. कित्येक वर्षं मी मनापासून चोळली. हाडावरची लाल जागा चोळली तर खालच्या दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होऊ शकते, हे मला कळलं ते लेक्चरची तयारी करताना. बोटाने दाबून बघायचं. लाली पांढरी पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असं धरायचं आणि कूस बदलून तिथला दाब काढायचा. हे वॉर्डात सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं आपण चुकत होतो?’ हो म्हणताना मला जड गेलं.

दोन्हीकडची वेळापत्रकं जुळत नाहीत, पेपर रात्री तपासावे लागतात, ते चालतं. मला खुपतं ते वेगळंच: बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना रकाना होता, वॉर्डातल्या तासांना नव्हता. नर्सिंग शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे चूक आहे असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

मागच्या पाळीत एक विद्यार्थिनी रुग्णाचं मनगट धरून उभी होती. नाडी मोजून झाली होती, तरी हात सोडला नव्हता. मागून कुणी हाक मारली. तिने न वळता दुसऱ्या हाताने थांबायची खूण केली, मिनिट पुरं केलं, चार्टवर 26 लिहिलं आणि डॉक्टरांना बोलवायला निघाली.